चिंदीचा रकाना

तपासराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात एकोणीस वर्षं काढल्यावर खरं नाव फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. कारखान्याच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात : तयार केले, तपासले, मंजूर. पहिलीत रेघा मारणाऱ्याची सही, तिसरीत मोठ्या साहेबांची, आणि मधल्या चौकटीत एकोणीस वर्षं अखंड तपासरावांची. चूक शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हॉटेलात गेले तरी आधी मेनूकार्डातल्या चुका पेन्सिलीने दुरुस्त करत आणि मग जेवण मागवत. वेटरला त्याचं कौतुक नसे, पण गुणाचं चीज सगळीकडेच होतं असं नाही.

त्यांच्या मनात एकच सल होता. पहिल्या चौकटीत त्यांची सही एकदाही पडली नव्हती. काल नोकरीला लागलेली पोरं तिथे झोकात सह्या ठोकत, आणि तपासराव त्यांच्या चुका निस्तरून शेजारच्या चौकटीत अंग चोरून बसत. 'तयार केले'साठी त्यांनी एक वेगळी, ऐसपैस सही बसवून ठेवली होती, शेवटी खाली गिरकी घेणारी. ती आजवर फक्त डायरीच्या मागच्या पानावर झाली होती.

अशात झाकणांचं प्रकरण घडलं. पंपाच्या झाकणाचं नवं ड्रॉइंग निघालेलं असताना कोणीतरी मधेच काही दिवस जुन्यावरून काम केलं आणि काही झाकणं आतून पातळ झाली. किती आणि कुठली, ते कोणालाच सांगता येईना. झाकणं पंपांवर चढलेली, पंपांना रंग लागलेला, खोकी खिळे मारून बंद. शेवटी एकशेचाळीसच्या एकशेचाळीस पंप खोलले, तेव्हा चाळीस बिघडलेले निघाले. त्यात तीन आठवडे गेले आणि मोठ्या साहेबांचा आवाजही बसला. बसक्या आवाजातच त्यांनी तपासरावांना बोलावून सांगितलं की ड्रॉइंगं आणि कागदपत्रं सांभाळणारी तीन कंपन्यांची तीन सॉफ्टवेअरं बाजारात आहेत, तिन्ही वापरून बघा, तुलना करा आणि महिन्याभरात अहवाल तयार करा.

साहेब पुढेही बरंच बोलले असणार. तपासरावांच्या कानात 'तयार करा' एवढंच घुमत राहिलं. त्या दिवशी घरी येताना ते नेहमीच्या वळणावर वळायचेच विसरले आणि पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत आले.

कामाला सुरुवात करण्यासाठी परवानगी लागत होती, आणि परवानगीसाठी फॉर्म. संगणक विभागाच्या सामायिक कपाटात, म्हणजे संगणकातल्या कपाटात, त्या फॉर्मच्या सहा आवृत्त्या होत्या. एकीचं नाव 'शेवटचा', दुसरीचं 'शेवटचा नवा', तिसरीचं 'हाच वापरावा', आणि चौथीचं 'हाच वापरावा हा वापरू नये'. तपासरावांनी सगळ्या भरल्या. संगणकप्रमुखांनी त्या सगळ्या नाकारून आपल्या खणातून सातवी काढून दिली. सही करताना त्यांनी वर अट घातली की बाहेरच्या सॉफ्टवेअरवर कंपनीच्या ड्रॉइंगची एक रेघसुद्धा जाता कामा नये. तपासरावांनी नम्रपणे विचारलं की मग तपासायचं कशावर? त्यावर संगणकप्रमुख म्हणाले की तो प्रश्न या फॉर्मच्या कक्षेत येत नाही.

घरी येऊन तपासरावांनी कपाटं उपसली. विजेची बिलं होती, पण बिलांना सुधारित आवृत्ती नसते. बायको शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्या प्रश्नपत्रिका त्यांनी मागितल्या तर ती म्हणाली की त्या गुप्त असतात, आणि शिवाय तुम्ही त्यात चुका काढाल. शेजारचे निवृत्त ग्रंथपाल दार उघडं दिसलं म्हणून आत आले आणि त्यांनी अर्धा तास पटवून दिलं की जगात सॉफ्टवेअर एकच, ते म्हणजे लाकडी खणातली कार्डं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचं मत पडलं की सगळ्या कागदांचे फोटो काढून स्वतःलाच पाठवावेत आणि विसरून जावं. त्यातला विसरून जाण्याचा भाग तो स्वतः यशस्वीपणे पार पाडत आला होता. सल्ल्यांची वाण नव्हती. कागदांचीच काय ती होती.

आणि मग तपासरावांना ताई आठवली.

थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. त्या खोलीच्या एका अख्ख्या भिंतीवर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला खाकी कागदांचे गठ्ठे टांगलेले. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक कागद. त्यावर अंगाच्या मापाची आखणी, आणि माप बदललं की जुनी रेघ न खोडता शेजारी नव्या रंगाच्या पेन्सिलीने नवी रेघ, बाजूला तारीख आणि कारण : 'बाळंतपणानंतर', 'पोहायला लागली', 'दुखण्यातून उठली'. शिवाय त्या त्या रेघेवर कापलेल्या कापडाची एक चिंदी तिथेच टाचणीने टोचलेली. तपासराव लहानपणापासून तो पसारा बघत आले होते. आज पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की हा पसारा नाही, ही तीनशे ड्रॉइंगं आहेत, आवृत्त्यांसकट.

ताईने आधी नाही म्हटलं. दवाखान्याच्या अठरा नर्सचे गणवेश शिवायला घेतले होते, पुढच्या सोमवारी सकाळी द्यायचे होते. पण धाकट्या भावाचा चेहरा बघितल्यावर तिचं नाही फार वेळ टिकत नसे, हे तिचं जुनं दुखणं होतं. 'तयार केले'ची गोष्ट त्यांनी तिला सांगितली तेव्हा ती हसली नाही. नुसतं म्हणाली, "ने. पण जसे आहेत तसे परत आण."

जसे आहेत तसे म्हणजे काय, यावर दोघांनी बोलून घ्यायला हवं होतं. मोठ्या कागदांच्या प्रती काढणाऱ्या झेरॉक्सवाल्याने टाचण्या बघितल्या आणि हात वर केले. यंत्राला टाचणी गेली तर यंत्र गेलं. म्हणून तपासरावांनी एका दुपारी बसून सगळ्या टाचण्या काढल्या. चिंद्या त्यांनी टाकल्या नाहीत. निष्काळजीपणा त्यांच्या रक्तात नव्हता. त्यांनी त्या रंगाप्रमाणे लावल्या, निळ्या निळ्यांत, पांढऱ्या पांढऱ्यांत, आणि एका काचेच्या बरणीत थर देऊन भरल्या. बरणी फार सुरेख दिसत होती.

मग तिन्ही सॉफ्टवेअरांत ते तीनशे कागद चढले. पहिलं सॉफ्टवेअर शिस्तीचं होतं. प्रत्येक कागदाला अठरा आकडी क्रमांक, आणि तयार करणारा, तपासणारा, मंजूर करणारा अशी तीन वेगळी माणसं असल्याशिवाय ते पान हलू देत नसे. तपासरावांनी ताईला पहिलं केलं, स्वतःला दुसरं आणि बायकोला मंजुरीचे अधिकार दिले. बायकोला दिवसाला चाळीस पत्रं येऊ लागली. दोन दिवस तिने ती वाचली, तिसऱ्या दिवशी 'सर्व मंजूर' असं एक बटण तिला सापडलं आणि घरात शांतता झाली. दुसरं सॉफ्टवेअर दिसायला देखणं, रंगीबेरंगी, कोणालाही कशालाही नाही न म्हणणारं. त्याचा विक्रेता फोनवर प्रत्येक प्रश्नाला 'का नाही?' असंच उत्तर देत असे. तिसरं करड्या रंगाचं, चेहऱ्यावरची माशी न हलणारं. काही बदललं की ते फक्त विचारी : कोणी बदललं, कधी, का? उत्तर मिळालं की गप्प.

इथवर ठीक होतं. पण तपासरावांसमोर तीनशे ड्रॉइंगं होती आणि ते तपासराव होते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. गणवेशांच्या कागदांवरून नजर फिरवताना त्यांना दिसलं की काहींचा डावा खांदा आणि उजवा खांदा जुळत नाही. कुठे पाव इंचाचा फरक, कुठे अर्ध्याचा. त्यांना ताईची दया आली. बिचारीला तपासायला कोणी नाही, एकटीच आखते, एकटीच कापते. पंपात डावी बाजू उजवीसारखी नसेल तर पंप थरथरतो. त्यांनी असे सात कागद शोधले, आठवा खुद्द त्यांच्याच शर्टाचा निघाला, आणि आठही ठिकाणी त्यांनी खांदे सारखे करून टाकले. कारणाच्या जागी लिहिलं : 'चूक दुरुस्ती'. बायकोने सर्व मंजूर केलं.

मग त्यांनी ताईला खूश करायला सगळ्या कागदांच्या नव्या कोऱ्या प्रती छापून आणल्या, ज्यात फक्त शेवटची रेघ, आणि वरून प्लास्टिकचं पातळ आवरण. जुने कागद बरणीसकट खोक्यात घालून तिच्याकडे पोचवले. मदतीला येणारी बाई त्या चकचकीत कागदांवर भलतीच खूश झाली. त्यांत टाचणी मात्र टोचता येईना. ताईने एकदा अंगठा फिरवून बघितला आणि कामाला लागली. भावाच्या पहिल्या चौकटीसाठी तिने आपली भिंत त्याच्या स्वाधीन केली होती, आणि दिलेल्या गोष्टीवर कुरकुर करायची तिची पद्धत नव्हती.

अहवाल मंगळवारी मांडायचा होता. त्यासाठी ताईने त्यांना नवा शर्ट शिवला आणि रविवारी सकाळी घालून बघायला बोलावलं. बायकोही गेली. तपासरावांनी शर्ट घातला, आरशासमोर उभे राहिले, आणि कॉलर हळूच उजवीकडे निघाली. डाव्या खांद्यावर कापडाचा फुगा आला. त्यांनी तो दाबला, तो दंडावर गेला. तपासराव खाकरले आणि सौम्य शब्दांत म्हणाले की गडबडीत शिवलं की असं व्हायचंच, कोणाच्याही हातून होतं.

ताईने आवरणातला कागद खिळ्यावरून काढला आणि उजेडात धरला.

"हे दोन्ही खांदे सारखे कोणी केले?"

"मीच. चुकले होते. अजून सात ठिकाणी सापडले."

"अरे, तुझा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. पंधरा वर्षं आहे. ती ड्रॉइंगची नळी एकाच खांद्याला लावून हिंडतोस, दुसरं काय होणार? आणि त्या नर्स दिवसभर माणसं उचलतात. माणसं म्हणजे काय तुझे पंप आहेत?"

बायको म्हणाली की तरीच सगळ्या फोटोंत तिरके दिसता. पण ताई हसत नव्हती. अठरांपैकी अकरा गणवेश शिवून, पाकिटात बंद होऊन, शुक्रवारीच दवाखान्याच्या धोबीखान्यात गेले होते. ते सात कागद त्या अकरांतलेच. काही गणवेश आधीच, खाकी कागदावरून कापलेले होते, काही नव्या छापील प्रतीवरून. कुठला कशावरून, ते ना ताईला आठवे ना मदतनीस बाईला.  एकशेचाळीस खोकी तपासरावांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

ताईने फोन लावला. धोबीखान्याच्या मुकादम बाईने सांगितलं की नंबर सांगा, तेवढी पाकिटं बाजूला काढते. सगळी अकरा उघडायची तर निर्जंतुक करायला पुन्हा वाफेवर घालावी लागतील, मग उद्या सकाळचं विसरा. तासाभराची मुदत मिळाली.

तपासरावांनी धावत जाऊन लॅपटॉप आणला आणि तिन्ही सॉफ्टवेअरं उघडली. त्यांची तुलना करण्याची अशी संधी कोणत्याही विक्रेत्याने दिली नसती. शिस्तीच्या सॉफ्टवेअरने सांगितलं की जुनी आवृत्ती बघायची तर मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचा पासवर्ड द्या. अधिकारी शेजारीच उभी होती आणि पासवर्ड विसरली होती. देखण्या सॉफ्टवेअरने नवे, सारखे खांदे मोठ्या डौलाने दाखवले. जुने त्याने कधीच पुसून टाकले होते. तिसऱ्याने, करड्याने, एक यादी समोर ठेवली. आठ ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, बदल करणाऱ्याच्या जागी तपासराव, आणि कारणाच्या जागी 'चूक दुरुस्ती'. एकोणीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुकांची यादी केली होती. स्वतःची यादी इतकी नीटनेटकी पहिल्यांदाच बघत होते, आणि कान लाल झाले असले तरी यादीत त्यांना खोट सापडली नाही.

"सात कागद हेच, नक्की," ते म्हणाले. "पण कापड कशावरून कापलं, ते हे सांगत नाही."

"ते चिंदी सांगते," ताई म्हणाली. "चिंद्या कुठायत?"

तपासरावांनी बरणी पुढे केली. पांढऱ्या चिंद्यांचा थर सगळ्यात जाड होता. ताईने बरणीकडे बघितलं, मग भावाकडे. तिने खोक्यातून ते सात खाकी कागद काढले आणि पहिला खिडकीच्या काचेला लावला.

बाहेर ऊन होतं. कागदावर रेघांचं जाळं दिसलं आणि त्या रेघांच्या कडेकडेने प्रकाशाचे बारीक ठिपके. टाचण्या काढल्या तरी भोकं राहिली होती. लाल रेघेशेजारी एक, निळीशेजारी एक, आणि यंदाच्या हिरव्या रेघेशेजारीही एक. ताईने बोट ठेवलं.

"हिरवीला भोक आहे, म्हणजे कापड या कागदावर कापलंय. हा चांगला. दुसरा दे."

चार कागदांना हिरव्या रेघेशेजारी ठिपका होता. तिघांना नव्हता. तपासराव एकेक कागद पुढे करत होते आणि काचेवर उमटणारे ते ठिपके बघत होते. या बाईने कुणालाही न विचारता, कुठलाही फॉर्म न भरता, फक्त एका टाचणीवर अशी व्यवस्था उभी केली होती की ती मोडायला तिचा सख्खा भाऊ, झेरॉक्सवाला आणि तीन सॉफ्टवेअरं लागली, आणि तरीही ती मोडली नव्हती. त्यांचा ऊर भरून आला. आपल्याला एवढी हुशार बहीण आहे आणि आपण तिचे खांदे दुरुस्त करत बसलो, याची त्यांना मनापासून लाज वाटली, आणि ती त्यांनी तिथल्या तिथे बोलून दाखवली. ताई म्हणाली की लाज मग वाटू दे, आधी नंबर लिहून घे.

तीन पाकिटं परत आली. शिवण उसवल्यावर कळलं की कापड कमी पडलेलं नाही, उलट जास्त आहे. खांदे सारखे करताना तपासरावांनी दरवेळी खालचा वर नेला होता, वरचा खाली आणला नव्हता. पंपात धातू जास्त राहिलेला परवडतो, घासता येतो, ही त्यांची कारखान्यातली सवय. जादा कापड छाटून ताईने संध्याकाळच्या आत तिन्ही गणवेश पुन्हा शिवले.

"एवढी एक अक्कल बरी लावलीस," ती म्हणाली. आठवड्याभरात त्यांना मिळालेली ती पहिली शाबासकी होती. शर्टाचा खांदाही ती दुरुस्त करणार होती, पण तपासराव शर्ट अंगातून काढायला तयार होईनात.

मंगळवारी ते त्याच शर्टात मोठ्या साहेबांसमोर उभे राहिले. तुलनेचा तक्ता भिंतीवर होता. किती जणांना वापरता येतं, जुनं शोधायला किती वेळ लागतो, पासवर्ड विसरल्यास काय, मंजुरी न वाचता देता येते का. शेवटचा रकाना होता 'चिंदी', आणि तो तिन्हींपुढे रिकामा होता. साहेबांनी साहजिकच विचारलं की हे काय. तपासरावांनी आधी आपला फुगलेला खांदा दाखवला, मग सगळी हकिकत सांगितली, बरणीसकट, काही न लपवता. ड्रॉइंग कोणी बदललं हे सॉफ्टवेअर सांगेल, ते म्हणाले, पण जुन्या ड्रॉइंगवरून कुठली वस्तू आधीच बनून गेली, हे ज्या कागदाला सांगता येत नाही, तो कागद अर्धाच.

वर्कशॉपचा फोरमन मागे भिंतीला टेकून उभा होता. तो सावकाश म्हणाला, "साहेब, हे असतं तर आपण एकशेचाळीस नाही, चाळीसच खोलले असते."

तिन्ही कंपन्यांचे विक्रेतेही बैठकीला बोलावलेले होते. मग करड्या सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याने अडखळत सांगितलं की तशी सोय त्यांच्याकडे आहे, पण आजवर कोणी मागितलीच नाही, म्हणून ती बंद करून ठेवली होती. साहेबांनी ती आजच उघडायला सांगितली आणि रकान्याचं नाव चिंदीच ठेवायला सांगितलं. मग अहवालाचं शेवटचं पान पुढे ओढून पेन उचललं आणि थांबले.

"तयार केले, या चौकटीतल्या बाई कुठल्या विभागातल्या? मी ओळखत नाही."

"शिवणकाम, साहेब. माझी थोरली बहीण."

साहेबांनी मधल्या चौकटीकडे बघितलं. तिथे तपासरावांची नेहमीची, अंग चोरून बसलेली सही होती. साहेबांना ती चौकटीची गोष्ट ठाऊक असावी, कारण त्यांनी एकदा मान वर करून तपासरावांकडे नीट बघितलं. मग तिसऱ्या चौकटीत सही केली.

संध्याकाळी तपासराव अहवालाची प्रत घेऊन ताईकडे गेले. भिंतीवर खाकी कागद आपापल्या खिळ्यांवर परत लागले होते, आणि मदतनीस बाई बरणी उपडी करून पांढऱ्या चिंद्या कापडाच्या पोतावरून ओळखत बसली होती. ताईने चष्मा लावून शेवटचं पान वाचलं. आपलं नाव दोनदा वाचलं.

"इथे तुझी ती गिरकीची सही व्हायची होती ना?"

"जे खरं ते लिहिलं," तपासराव म्हणाले.

ताईने नाक ओढलं, चष्मा पुसला आणि उगाच कात्री शोधू लागली. मग खिळ्यावरून एक कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांच्याच शर्टाचा. तो सारखा केलेला नव्हे, जुना, खाकी. हिरव्या रेघेने डावा खांदा अर्धा इंच खाली होता आणि शेजारी ताईचं अक्षर : 'असाच आहे. हात लावू नये.' त्याखाली फूटपट्टीने आखलेल्या दोन चौकटी. पहिलीत ताईची सही होती. दुसरी रिकामी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, तपासले.

तपासरावांनी कागद खिडकीपाशी नेला. वरपासून खालपर्यंत प्रत्येक रेघ बघितली, भोकं बघितली, दोन्ही खांद्यांवर पट्टी लावली. अर्ध्या इंचाचा फरक भरला. त्यांनी पेन काढलं आणि नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच, काहीही दुरुस्त न करता, त्या चौकटीत सही केली. शेवटी खाली गिरकी घेऊन.